सुटकेची वेळ

आत्या,

तुझ्या तेराव्याला दोन अनोळखी बायका आल्या होत्या. साध्या सुती साड्या, घट्ट बांधलेले केस, आणि सतरंजीवर बसल्या तरी पाठ ताठ. दादा पुण्याहून आलेला. त्याने स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "गुड्डी, त्या दोघी कोण गं? तुझ्या सासरच्या का?"

मी म्हटलं, "नाही. जेलमधल्या आहेत."

पाण्याचं भांडं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग मी सांगितलं की त्या कैदी नाहीत, महिला वॉर्डातल्या प्रहरी, म्हणजे पहारेकरी आहेत, ड्यूटी बदलून मुद्दाम आल्या आहेत. त्यावर तो म्हणाला, "पण शैलाआत्याचा आणि जेलचा काय संबंध?"

आपल्या घरात कुणालाच धड काही माहीत नाही, हे मला तेव्हा कळलं. आत्या रिटायर झाल्यावर काहीतरी समाजसेवा करते, एवढंच सगळे म्हणायचे. तू कधी सांगितलं नाहीस, आणि मलाही कुणी विचारलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी तुलाच सांगतेय, कारण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला या विषयावर विचारच करता येत नाही. इतकी वर्षं आपण यावरच तर भांडत होतो.

सुरुवात तुझ्या फोनने झाली. आपल्या या हिंदी मुलखातल्या शहरात साध्या नागरिकांची एक सल्लागार समिती होणार, अशी बातमी पेपरात आली होती. थाना, कोर्ट, जेल इथे सामान्य माणसाला काय सोसावं लागतं ते या लोकांनी जाऊन पाहायचं आणि काय बदलता येईल ते सुचवायचं. मानधन नाही आणि अधिकार तर नाहीच. वकील म्हणून माझं नाव आधीच गेलं होतं. तू सकाळीच फोन केलास.

"गुड्डी, हे सल्लागार नक्की काय करतात?"

"सल्ला देतात, आत्या."

"आणि ऐकतं कोण?"

"ते काही सांगता येत नाही."

"मग जमेल मला. जन्मभर तुम्हा लोकांना तेच देत आले. नाव दे माझं."

मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळशील. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त जज्जसाहेब. त्यांनी तुला अनुभव विचारला, तेव्हा तू म्हणालीस, "साहब, मैं टेलीफोन एक्सचेंज में ऑपरेटर थी. सारी उम्र एक की बात दूसरे तक पहुँचाई है. कान अच्छे हैं, आवाज़ अच्छी है, और अब खाली हूँ." ते हसले, पण त्यांनी तुझं नाव खोडलं नाही. त्याच बैठकीत मी सवयीने तुला "आत्या" म्हणून हाक मारली. माधवगंजात कापडाचं दुकान चालवणारे गुप्ताजी समितीत होते, त्यांनी विचारलं, "आत्या मतलब?" मी म्हटलं, "बुआ." तेव्हापासून तू सगळ्यांची बुआजी झालीस. जेलर तुला बुआजी म्हणायचा आणि थानेदारही. माझी एकटीची आत्या अशी सरकारी होऊन बसली, याचा मला सुरुवातीला थोडा रागच यायचा.

जेल पाहायला आपण पहिल्यांदा गेलो ते थंडीचे दिवस होते. आत कोठड्या, स्वयंपाक, दवाखाना असं सगळं बघून बाहेर आलो तोवर अंधारायला लागलं होतं. समितीतले बाकीचे आपापल्या गाड्यांत बसून गेले. तू मात्र शाल गुंडाळत उभी राहिलीस, कारण आपल्या मागे मोठ्या फाटकातला छोटा दरवाजा पुन्हा उघडला होता आणि त्यातून एक बाई बाहेर आली होती. हातात पॉलिथीनची पिशवी, पायात प्लॅस्टिकच्या चपला. दरवाजा बंद झाला. तिने रस्त्याच्या एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला पाहिलं, आणि भिंतीशी जमिनीवर बसली.

तिचं नाव रामश्री. भिंडच्याही पुढे तिचं गाव. जामिनाचा हुकूम दुपारी झाला होता, कागद जेलपर्यंत यायला आणि तपासायला संध्याकाळ झाली. कुणी काही नियमाबाहेर केलं नव्हतं. हुकूम आला आणि सोडलं.

तू विचारलंस, "कोई लेने आ रहा है?"

"किसी को पता ही नहीं है," ती म्हणाली.

तिच्या गावाकडची शेवटची बस गेलेली. त्या रस्त्यावर एक चहाची टपरी होती, ती पण बंद व्हायला आली होती, आणि टपरीपाशी उभे असलेले दोघं-तिघं तिच्याकडेच बघत होते. तू आपल्या गाडीचं मागचं दार उघडलंस आणि म्हणालीस, "बैठो." मला विचारलंही नाहीस.

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या, असं कुणालाही घरी नाही नेता येत. मी वकील आहे, उद्या कुणी काही बोललं तर?"

"मग इथेच सोडू हिला?"

मी गाडी सुरू केली. तुझ्या माधवगंजातल्या दोन खोल्यांत तिने खिचडी खाल्ली, भांडी घासायला उठली, तर तू तिला दटावून बसवलंस. तिच्या कागदावर नवऱ्याचा नंबर होता. मी तो लावायला घेतला, तर तिने माझा हातच धरला. "उनको मत लगाओ. भैया को लगाओ." इतके महिने आत होती, नवरा एकदाही भेटायला आला नव्हता. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. सकाळी तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला आणि तुझ्या पाया पडायला लागला. तू म्हणालीस, "पैर मत छुओ, हेलमेट लगाओ." बहिणीला घेऊन जाताना तो वळून वळून बघत होता.

पुढच्या बैठकीत तू उभी राहिलीस आणि सरळ सांगितलंस की सूर्यास्तानंतर कुठल्याही बाईला जेलबाहेर सोडू नये. घरच्यांना कळवावं, रात्र आतच काढू द्यावी, सकाळी उजेडात सोडावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुप्ताजींनीसुद्धा. आणि मी उठले.

"हुक्म हो गया मतलब हो गया," मी म्हटलं. "उसके बाद एक घंटा भी अंदर रखा तो वो क़ैद है, और बिना क़ानून की क़ैद है."

तू मराठीत आलीस. रागावलीस की तू मराठीत यायचीस आणि मी रागावले की हिंदीत जायची. "आणि बाहेर रस्त्यावर काय आहे? तिथे तुझा कायदा उभा असतो का?"

"म्हणून तिला कोंडून ठेवायचं? एका रात्रीची सूट दिलीस ना, तर उद्या दोन रात्री होतील. 'तुझ्या भल्यासाठीच' असं म्हणून बाईला आत ठेवायला सगळ्यांनाच आवडतं, आत्या. घरात काय आणि जेलात काय."

"मला आवडतं? मला?"

गुप्ताजी कळवळून म्हणाले, "मराठी में मत लड़िए, हमें भी तो समझने दीजिए." सगळे हसले. आपण दोघी हसलो नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

परतताना गाडीत आपण दोघीच होतो. फूलबागेच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा म्हणालीस, "छान बोललीस. चुकीचं बोललीस, पण छान." आणि मग तू मला आजोबांची गोष्ट सांगितलीस, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. तू नव्याने नोकरीला लागलेलीस, दुसरी पाळी सुटेपर्यंत अंधार व्हायचा. आजोबा फौजेतून आलेले, बोलणं कमी. एक्सचेंजच्या दाराबाहेर सायकल घेऊन उभे राहायचे. आत येत नसत, साहेबाला कधी भेटले नाहीत, 'लवकर सोडा' म्हणाले नाहीत. तू बाहेर आलीस की सायकल वळवायचे आणि तुझ्याबरोबर चालत यायचे. कितीतरी वर्षं. "ते होते म्हणून मी नोकरी केली," तू म्हणालीस. "या बायकांसाठी कोण आहे?"

मी म्हटलं, "आत्या, पण आजोबा बाहेर उभे राहायचे. दार लावून तुला आत नव्हते ठेवत."

तू खिडकीकडे तोंड केलंस. मला वाटलं, फारच लागलं तुला.  दुसऱ्या दिवशी मी कोर्टात पोचायच्या आत तुझा फोन. ना हॅलो, ना काही.

"बाहेर. खोली बाहेर पाहिजे. भिंतीच्या बाहेर."

खरं सांगू, त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला की मी कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबले. साठी ओलांडलेल्या बाईने एका रात्रीत आपलं म्हणणं उलटं करून पाहावं, आणि त्यातलं आपलं जे खरं होतं ते न सोडता. इतकी वर्षं वकिली करतेय, हे फार थोड्यांना करताना पाहिलंय. पण मी तुला काय म्हणाले? म्हणाले, "पाहू, जागा आहे का." असंच चालायचं आपलं.

जागा होती. फाटकाशेजारी, भिंतीला लागून, बाहेरच्या अंगाला एक बंद खोली होती. तिच्यात मोडकं सामान टाकलेलं. पण त्याआधी तू एक काम केलंस, ज्याचं मला सुचलंही नव्हतं. परवानगी काढून तू महिला वॉर्डात गेलीस आणि त्या बायकांनाच विचारलंस. मी तुझ्याबरोबर होते. त्या सगळ्या तुझ्याभोवती बसल्या आणि तू म्हणालीस, "हम दोनों बुआ-भतीजी लड़ रही हैं. तुम बताओ, शाम को छूटीं तो क्या करोगी?"

एक तरुण पोरगी लगेच म्हणाली, "एक मिनट नहीं रुकूँगी. बाहर भेड़िया खड़ा हो तो भी जाऊँगी."

कोपऱ्यातली एक वयस्क बाई मान हलवत होती. ती म्हणाली, "हम तो दिन में जाएँगे. अँधेरे में गाँव पहुँचे तो सब कहेंगे, मुँह छिपा के आई है. हम सबके सामने जाएँगे." आणखी एकीला फक्त एवढंच पाहिजे होतं की तिच्या सासरी कुणी कळवू नये.

बाहेर येऊन आपण दोघी गाडीत बसलो. मी कायद्याचं बोलत होते, तू काळजीचं बोलत होतीस, आणि त्यांना काय पाहिजे ते दोघींनीही विचारलं नव्हतं. तू म्हणालीस, "चल, आता लिही." आणि आपण लिहिलं. भिंतीबाहेर एक खोली, दिवा, पाणी, स्वच्छतागृह, एक महिला प्रहरी. सुटलेली बाई मोकळी आहे, तिला वाटेल तेव्हा ती निघेल. थांबायचं असलं तर सकाळपर्यंत थांबेल. आणि फोन ती सांगेल त्यालाच लावायचा, कागदावर ज्याचं नाव आहे त्याला नाही. हे शेवटचं तुझं होतं. मी म्हटलं होतं, अडचण येईल. तू म्हणालीस, "ऑपरेटर कधी स्वतःच्या मनाने नंबर लावतो का गं?"

गुप्ताजींना मात्र ते पटेना. "मतलब अब हम अपराधियों के लिए धर्मशाला खोलें?" तू वाद घातला नाहीस. एका संध्याकाळी त्यांना तुला स्कूटरवरून फाटकापाशी न्यायला सांगितलंस, आणि दोघं टपरीवर चहा पीत बसलात. त्या दिवशी कोण सुटलं ते मला माहीत नाही, तुम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत गुप्ताजींनी सर्वांच्या आधी सही केली आणि म्हणाले, "पंखा और बेंच मेरी तरफ़ से."

मग सुरू झालं वाट पाहणं. सल्ला देणाऱ्याच्या हातात दुसरं काय असतं? कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, साहेब बदलले, नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. समितीतले काही जण गळाले. मीही एकदा म्हटलं, "राहू दे आत्या, इतकं तरी कोण करतं?" तू ऐकलं नाहीस. रोज ठरल्या वेळी ऑफिसला फोन, तोच आवाज, थकवा नाही, राग नाही, विनवणी तर नाहीच. "नमस्कार, बुआजी बोल रही हूँ. हमारी फ़ाइल आज कहाँ है?" त्या ऑफिसातल्या बाबूने नंतर मला सांगितलं, "मैडम, हमको तो आदत पड़ गई थी. एक दिन उनका फ़ोन नहीं आया तो हमने लगाया, तबीयत तो ठीक है?"

खोली उघडली त्या दिवशी फीत नाही, भाषण नाही. जेलरने कुलूप काढलं, तू आत गेलीस, पंखा लावून पाहिलास, बेंचवर बसून पाहिलंस, आणि म्हणालीस, "दिवा आणखी मोठा पाहिजे." झालं.

पहिली आली ती डबरा गावाकडची एक सून. थांबली, मावशीला फोन लावला, सकाळी गेली. मग आणखी आल्या. शेजारच्या जिल्ह्यातून दोन अधिकारी खोली पाहायला आले, तेव्हा तू त्यांना पंख्यापेक्षा स्वच्छतागृहाची कडी आधी दाखवलीस. आतून लागते ना ते पाहा, म्हणालीस. पुढे त्यांच्याकडेही तशी खोली झाली. बार रूममध्ये एक नवा वकील मला सांगत होता, "दीदी, वो बुआजी वाला कमरा है ना..." मी त्याला सांगितलं नाही की ती बुआजी माझी आहे. आतल्या आत फुगले होते, ते चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटली.

सगळं सरळ झालं असं नाही. ती एक संध्याकाळ आठवते ना, तू खोलीत होतीस आणि मी तुला घ्यायला आले होते? एक बाई बाहेर आली, खोलीच्या दारापर्यंत आली, आत पाहिलं आणि मागे फिरली. प्रहरीने समजावलं, तू समजावलंस. ती म्हणाली, "बहुत कमरे देख लिए." आणि अंधारात चालायला लागली. मी तिच्या मागे जाणार होते. तू माझी ओढणी धरलीस.

"जाऊ दे. तिचा हक्क आहे. तूच म्हणतेस ना?"

मी तुला घरी सोडलं. रात्री तू जेवली नाहीस, हे मला दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानवाल्याकडून कळलं. माझं म्हणणं खरं मानायची किंमत तू अशी एकटीने सोसलीस, आणि मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाहीस. ती बाई नीट पोचली की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही.

मग तुझं हृदय दमलं. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका, आणि तुझ्या घराला तर जिनाच जिना. मी तुला थाटीपुरला माझ्याकडे आणलं. तू तिथे माझ्या चहाला नावं ठेवलीस, टीव्हीच्या बातम्यांशी भांडलीस, रमीत उघड उघड लबाडी केलीस. शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हाही तुझा आवाज तसाच होता, खणखणीत. त्यामुळे मला वाटलंच नाही की वेळ थोडा उरलाय.

शेवटच्या दुपारी तू डोळे मिटून पडली होतीस. मी मोबाईल बघत होते. एकदम म्हणालीस, "गुड्डी, पोरांचं काय?"

"कुठली पोरं?"

"अठरा-एकोणीस वर्षांची. ती पण त्याच दारातून बाहेर येतात."

"त्यांना काय भीती आहे, आत्या?"

"रस्त्याची नाही गं. बाहेर त्यांना घ्यायला कोण उभं असतं, पाहिलंस कधी? ज्यांच्या नादाने आत गेली, तेच."

मी म्हटलं, खोली बायकांची आहे, तिच्यात मुलगे आणले तर बायका ती गमावून बसतील. तू म्हणालीस, मग दुसरी खोली. मी म्हटलं, एका खोलीला किती फोन करावे लागले ते विसरलीस का? तू म्हणालीस, "मग आत्तापासून लाग." मी काही बोलणार, तेवढ्यात नर्स औषध द्यायला आली, आणि मग तुझी झोपायची वेळ झाली. मी मनात ठरवून गेले की उद्या येऊन तुला नीट समजावते, हे का शक्य नाही ते. माझ्याकडे चांगले मुद्दे होते. ते तसेच राहिले.

तुझ्या दिवसांचं सगळं आटोपल्यावर मी कुणाला न सांगता एका संध्याकाळी फाटकापाशी गेले. तुझ्या टपरीवर बसले. एक मुलगा सुटला, मिसरूड नुकती फुटलेली. समोर एक मोटरसायकल उभी होती, इंजिन चालूच, वर एक थोराड माणूस. मुलगा दारात थांबला. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने पाहिलं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला. मुलगा मागे जाऊन बसला आणि ते गेले. थोड्या वेळाने टेंपोतून एक बाई उतरली, हातात कपड्यात बांधलेला डबा. धापा टाकत माझ्यापाशी आली. "बहनजी, यहाँ से मेरा लड़का निकला क्या? वकील साहब ने अभी बताया, तो भागती आई."

मी तिला काय सांगितलं ते लिहवत नाही.

समितीच्या बैठकीत मी तुझा मुद्दा मांडला. आणि गंमत अशी की गुप्ताजींनी जे जे आक्षेप घेतले ते सगळे माझेच होते. मुलगे स्वतःचं बघतील. बायकांची सोय जाईल. दुसरी खोली कोण देणार? मी हॉस्पिटलात तुला सांगणार होते, ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकत होते. मी त्यांना त्या बाईबद्दल सांगितलं, तिच्या डब्याबद्दल सांगितलं. मग म्हटलं, खोली राहू द्या. सध्या एवढंच करा की सोडायच्या आधी मुलाला विचारा, कुणाला कळवू, आणि त्याला वेळेवर फोन लावा. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याखाली एक बेंच टाका, म्हणजे घ्यायला आलेल्याला बसता येईल आणि सुटलेल्या मुलाला थांबता येईल.

 गुप्ताजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेंच मेरे पास एक और पड़ी है."

सल्ला वर गेलाय, आत्या. उत्तर यायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. पण जेलरने मला बाजूला घेऊन सांगितलं की फोन लावायला कुणाची मंजुरी लागत नाही, मी उद्यापासूनच लावेन. आणि त्याने लावला.

काल संध्याकाळी मी तिथे होते. मंजुरीची वाट न पाहता गुप्ताजींनी आणून टाकलेल्या बेंचवर एक म्हातारासा माणूस बसला होता, मुरैन्याकडचा, डोक्याला गमछा, मांडीवर घडी घातलेला स्वेटर. समोर ती मोटरसायकल उभी होतीच. दरवाजा उघडला, मुलगा बाहेर आला. बाप उठला. मिठी नाही, रडणं नाही. त्याने स्वेटर पुढे केला, मुलाने तो डोक्यातून घातला, बापाने मागून कॉलर सारखी केली. हॉर्न वाजला. मुलाने एकदा तिकडे पाहिलं आणि बापाच्या हातातली पिशवी घेतली. दोघं टेंपोच्या दिशेने चालायला लागले. मोटरसायकलवाला थोडा वेळ थांबला, आणि मग एकटाच निघून गेला.